पंजाबरावांची बाही

चौऱ्याहत्तर साली मंगरूळपीरजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात देवीची साथ शिरली, तेव्हा मी तिथं झाडलोट करत होते. सरकारी टोचणारा लस घेऊन आला. व्यवस्थापक पंजाबरावांनी त्याला दारातच अडवलं.

"घरात देवीमाय आली हाये. सुई लावली तं कोपन."

"म्हाताऱ्यायले टोचू द्या, भाऊ. आमाले बी," मी म्हणाले.

"पंचफुला, तुमी लोकायनं छप्पन साली बौद्ध होऊन घरचे देव नदीत सोडले. तुले माय काय समजते?"

टोचणारा परत गेला.

चार दिवसांनी धुरपताबाईला फोड आले. मी तिच्या अंगावरून कडुलिंबाचा पाला फिरवायची. "टोचून घेतलं असतं तं वाचली असती काय वं मी?" तिनं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. आठव्या दिवशी ती गेली.

त्या संध्याकाळी पंजाबरावांनी देवीच्या शांतीसाठी आरती केली. भर उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचा सदरा. ताट उचललं तशी बाही घसरली. हातावर लस टोचल्याची खपली होती, अजून न पडलेली.

मी आरती थांबवली. तोच हात मनगटाला धरून खाटेखाटेपाशी फिरवला.

"पाहून घ्या. याच्यावर कोपली काय माय?"

दुसऱ्या दिवशी मी बोलावून आणलेल्या टोचणाऱ्यापुढं एकोणीस सुरकुतलेले हात आले. विसावी खाट मी धुऊन उन्हात टाकली होती.