सायकलचं वजन

रविवारी सकाळी अन्सेल्मोने नेहमीच्या जोराने सायकल उंबऱ्यावरून उचलली आणि ती इतकी अलगद वर आली, की पुढचं चाक दाराशेजारच्या कुंडीवर आदळलं. कुंडी डुगडुगली, पण पडली नाही. चुलीपाशी मक्याची भाकरी उलटत असलेल्या ओतिलियाचा हात तव्यावरच थांबला.

"अंगात ताकद आली की काय?" ती मागे न बघताच म्हणाली.

अन्सेल्मो क्षणभर सायकलकडे बघत राहिला. "तुझ्या हातचं खाऊन दुसरं काय होणार," तो म्हणाला.

ओतिलियाचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला सायकल चालवायला केव्हाच परवानगी दिली होती. चढही चालेल, फक्त दमानं घ्या, म्हणाले होते. अडलं होतं ते त्याच्याच मनात. दोन रविवार तो डोंगरावरच्या क्रुसाकडे निघाला आणि दोन्ही वेळा निलगिरीच्या वळणावरून सायकल हाताने ढकलत परत आला. मग एक दिवस जेवता जेवता त्याने सांगून टाकलं, की येत्या रविवारी वळण पार झालं नाही तर सोमवारी सायकल रामिरोला द्यायची. रामिरो म्हणजे ओतिलियाचा भाऊ. त्याला ती बाजारातून पाव आणायला हवी होती. सगळा प्रांत पालथा घातलेली सायकल आता पाव वाहणार, हे ओतिलियाला सहन होईना. आणि सायकल गेली की हा माणूस खिडकीशी बसून राहणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

म्हणून तो तपासणीसाठी तुन्हा शहरात बहिणीकडे गेला, तेव्हा तिने सायकल येसिदच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात नेली. "हलकी करून दे. महागातलं काही घालू नकोस आणि जे घालशील ते दिसूही देऊ नकोस."

येसिद हसला. "मावशी, लोक वजन उतरवतात ते चारचौघांत मिरवायला. लपवायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

त्याने सीटखालचा लोखंडी दांडा काढून अॅल्युमिनियमचा बसवला, हँडल बदललं आणि त्यावर मुठी मात्र जुन्याच चढवल्या. टायर-ट्यूब पातळ घातले. लोखंडी पेडल गेले, त्यांच्या जागी प्लास्टिकचे आले. ओतिलियाने घरी आणून नवे पेडल अंगणातल्या फरशीवर घासले आणि टायरना बटाट्याच्या वावरातला चिखल फासला. सीटला तिने हात लावू दिला नव्हता. ती त्याच्या बुडाच्या आकाराची झाली होती.

"स्टँड कुठे गेला?" दारातून अन्सेल्मोने विचारलं.

"गंजला होता. गळून पडला."

"लोखंड होतं ते, ओतिलिया. दात नव्हे."

पण तो निघाला. खिशात पेरूची वडी, बाटलीत गुळाचं पाणी आणि अंगात नेहमीचा विटका लाल सदरा. ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. लाल ठिपका ओढा ओलांडून हळूहळू चढाला लागला. निलगिरीच्या वळणावर तो थांबला. एक पाय जमिनीला टेकलेला इतक्या लांबूनही तिला दिसला. कळलं असेल का त्याला? या मानी माणसाला बायकोने फसवल्याचं कळलं, तर वळण राहिलं बाजूला, तो पुन्हा सायकलला हात लावणार नाही. मी हे काय करून बसले, असं तिला झालं. मागे तव्यावर भाकरी करपली.

थोड्या वेळाने लाल ठिपका हलला आणि झाडांआड गेला. त्यापुढचा रस्ता अंगणातून दिसत नव्हता.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा फाटक वाजलं. अन्सेल्मो घामाने निथळत होता, पण श्वास ठीक होता. ती आधी श्वासच ऐकत होती. त्याने पानात गुंडाळलेला एक ओला गोळा टेबलावर ठेवला. कुस्तोदियाबाईचं ताजं चीज. ती म्हातारी क्रुसापाशीच विकायला बसते, खाली कधी उतरत नाही.

ओतिलियाने पानावर हात ठेवला. तिला हुंदका आला, तो तिने आवरला नाही.

"सीट बोटभर खाली बसवलीय त्या येसिदने," अन्सेल्मो खुर्चीत टेकत म्हणाला.

तिने एप्रनने डोळे पुसले. "कधी कळलं?"

"कुंडी हलली तेव्हाच."

"मग तुम्ही परत का नाही फिरलात?"

"फिरणारच होतो. वळणावर पाय टेकला. म्हटलं, ही ताकद आपली नव्हे, येसिदची." त्याने चीजचा एक तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. "मग वर बघितलं. सायकल हलकी केलीत तुम्ही दोघांनी, पण डोंगर कुठे ठेंगणा झालाय? तो तर मलाच चढायचा होता."

तिने तुकडा घेऊन तोंडात टाकला.

"काढलेलं सामान कुठे लपवलंयस?"

तिने मान हलवून कोंबड्यांच्या खुराड्याकडे दाखवलं. अन्सेल्मो उठला आणि बटाट्याचं जुनं पोतं ओढत बाहेर घेऊन आला. आत दांडा, हँडल, पेडल, स्टँड, सगळं खणखणत होतं. त्याने पोतं एकदा हाताने तोलून पाहिलं आणि दाराशी, त्या कुंडीशेजारी टेकवून ठेवलं.

"उद्या रामिरो आला की हे दे त्याला."