मामाचा कॅमेरा

टॉर्च आणि लेझर जमवायचं खूळ असलं तरी कुमारनं माणसाच्या तोंडावर लेझर कधी मारला नव्हता. बेंबळी गावातल्या वरातीत डीजेवरचा हिरवा किरण नाचणाऱ्या लेकरांच्या डोळ्यांवरून फिरला, तसा तो नवरदेवाच्या मामाकडं धावला. "मामा, बंद करायला लावा. डोळं जात्यात. माझी मोनिका बी नाचतीय." मामा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. "लगीन हाय का मयत? घरात लेझरचं दुकान मांडलंय, अन् आमाला अक्कल शिकवतो व्हय रं?" तेवढ्यात किरण मोबाइलवर आला, कॅमेरा जळाला अन् स्क्रीनवर काळी रेघ उमटली. "बंद कर, भाड्या! नवा मोबाइल जाळला माझा!" मामानं डीजेवाल्याची गचांडी धरली. लेकरांसाठी न थांबलेला लेझर मोबाइलसाठी झटक्यात थांबला. मोनिका डोळा चोळत आली. "पप्पा, तुमच्या तोंडावर काळा ठिपका कशाचा?" कुमारनं मामाची गचांडी धरली.