आमच्या कोर्टाच्या चॅम्पियन
मेलबर्नला ज्युनियर मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद जिंकून माझी मुलगी ओवी आणि तिची जोडीदार श्रद्धा परतल्या, तेव्हा रावेतच्या आमच्या सोसायटीनं टेनिस कोर्टावरच त्यांचा सत्कार ठेवला. श्रद्धाचे वडील जयसिंगभाऊ चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट संपवून गणवेशातच आले होते. चेअरमन माइकवर म्हणाले, “या दोघींना आपल्या कोर्टानं घडवलं!” टाळ्या पडल्या. तशी श्रद्धा उठली. “काका, मी इथं एकदाच खेळायला आले होते. तेव्हा तुम्ही सिक्युरिटीला बोलावून मला बाहेर काढलंत. कामगार कॉलनीतल्या पोरी आत नकोत म्हणालात. पुढची तीन वर्षं ओवी माझ्यासाठी रोज पिंपळे गुरवला, आमच्या कॉलनीत यायची. तिथल्या उखडलेल्या सिमेंटच्या कोर्टावर आम्ही घडलो.” “अगं, तेव्हाचा नियम होता तो,” चेअरमन हसत म्हणाले. “आज कशाला ते? ही शाल घे बघू.” “तो नियम आजही आहे,” ओवी कडाडली. “हिची धाकटी बहीण आत्ता गेटवर उभी आहे. तिला आत सोडत नाहीत.” “जाऊ द्या, साहेब, थांबेल ती बाहेर,” जयसिंगभाऊ पुटपुटले. ते ऐकून माझं डोकं सणकलं, आणि लाजही वाटली, कारण हा नियम करणाऱ्या कमिटीच्या ठरावावर माझीही सही होती. मी गेटवर गेले, त्या पोरीचा हात धरला आणि तिला थेट कोर्टावर घेऊन आले. “चारुलताताई, हे बरोबर नाही!” चेअरमन ओरडले. “बरोबर नाहीच,” मी म्हटलं. “सही करतानाच म्हणायला हवं होतं मी.”