जनावरांची बोट

कृष्णेच्या पुरानं घर वेढलं तरी यमुनाक्का खंड्या कुत्र्याला कवटाळून माळवदावर बसल्या होत्या. कुत्र्याला जागा नाही म्हटल्यावर सकाळची बोट त्यांनी परत पाठवली होती.

दुपारी दुसरी बोट आली. आत दोन शेळ्या, एक पोपट आणि भिजलेलं मांजर.

“आक्का, द्या कुत्रं!” जवान ओरडला. “सरकारनं यंदा पाळीव जनावरांसाठी निधी दिलाय, त्यातनंच ही बोट आलीय!”

आक्कांना आनंदानं रडूच फुटलं. खंड्याला त्याच्या हाती देऊन त्यांनी लुगडं खोचलं.

“तुम्ही थांबा. माणसांची बोट मागनं येतीय.”

“मग तुझ्या जनावरांच्या यादीत लिव की, एक म्हातारी म्हस!” म्हणत आक्का बोटीत उतरल्यासुद्धा.

बोट हेलकावली, शेळ्या ओरडल्या आणि जवान पोट धरून हसू लागला. आक्कांच्या मांडीवर खंड्याशेजारी मांजरही येऊन बसलं.