पाहुणीच्या भातावर

पासलीची मंगल सोयाबीनच्या मेणाच्या मेणबत्त्या करायची. त्याच बघायला भोरहून दुकानवाल्या वैदेहीताई घरी आल्या होत्या. दुकानात त्यांना पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या मेणाची, एकही मेणबत्ती नको होती.

“पॅराफिनला आमी हातबी लावत न्हाई, ताई,” मंगल छातीठोकपणे सांगत होती. “निव्वळ सोयाबीनचं मेण. पोटात गेलं तरी बाधायचं न्हाई.”

तेवढ्यात तिच्या सासूनं, सगुणाबाईंनी, पाहुणीपुढं ताट ठेवलं. वाफाळता भात आणि त्यावर चांगलं चमचाभर तूप. वैदेहीताईंनी पहिला घास घेतला आणि थबकल्या.

“आजी, तूप किती पटकन थिजलं हो!”

“तूप सकाळीच संपलं, बाई. पन पाहुणीला कोरडा भात कसा वाढायचा? म्हून मंगलच्या पातेल्यातलं मेण वाढलं. सोयाबीनचंच हाय की, तेलावानी.”

मंगलनं दचकून पातेल्याकडं पाहिलं.

वैदेहीताई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “जाऊ द्या हो आजी, घाबरू नका. मंगलताई म्हणाल्याच आहेत, बाधायचं नाही म्हणून.” आणि गंमत म्हणून त्यांनी दुसरा घास उचलला.

मंगलनं झडप घालून ताटच ओढून घेतलं. भात सारवलेल्या जमिनीवर सांडला.

“नका खाऊ, ताई! टाका तो घास!”

वैदेहीताईंचा हात तोंडापाशीच थांबला. हसू कुठच्या कुठं गेलं.

“मंगलताई,” त्यांनी हळूच विचारलं, “त्या पातेल्यात नक्की काय आहे?”