सचैल

“तुम्ही आरोपीच्या आई आहात. तुम्हाला गप्प राहायचा हक्क आहे,” न्यायाधीशबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. दुभाषी म्हणून बसलेल्या अरुंधतीने ते मराठीत सांगितलं.

“गप्प राहायला सांगलीहून हॅनोव्हरला कोण येतं?” मालिनीबाई म्हणाल्या. “बोलायलाच आलेय.”

वकिलाशेजारी बसलेल्या निहारने मान हलवली. “आई, नको ना!”

मागच्या खटल्यात मालिनीबाईंनी त्याचं ऐकलं होतं. आईला यात ओढायचं नाही, असा हट्ट धरून तो एकटाच उभा राहिला आणि जन्मठेप पदरात पाडून घेतली. वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही संधी शेवटची होती, आणि लेकाच्या संकोचापायी ती घालवायला मालिनीबाई काही तयार नव्हत्या.

त्याची घरमालकीण, म्हातारी फ्राऊ केस्टर, स्वयंपाकघरात मरून पडली होती. कुणीतरी डोक्यात घाव घातला होता. निहारने तिचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारल्या, मग आईला फोन केला, आणि पोलिसांना बोलवायच्या आधी आंघोळ केली. पोलीस आले तेव्हा त्याचे कपडे ओलेचिंब होते. सगळं घोडं तिथेच अडलं होतं. आंघोळ का केली, या प्रश्नाला तो प्रत्येक वेळी “माहीत नाही” एवढंच म्हणायचा. धातुशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या मुलाला खरं कारण सांगायची लाज वाटली होती.

“मी सांगितलं म्हणून केली,” मालिनीबाई म्हणाल्या. “फोनवर रडत होता हो. म्हटलं, मेलेल्या माणसाला शिवलायस, आहेस तसा कपड्यांसकट गार पाण्याखाली उभा राहा, मग पोलिसांना बोलाव. सचैल स्नान म्हणतात आमच्याकडे. आपलं माणूस गेलं की करतात.”

“तुमच्या मुलाचा यावर विश्वास आहे?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“त्याचा? छे! देवाला नमस्कार कर म्हटलं तरी वाद घालतो. पण घाबरला की आईचं ऐकतो.” आपल्याच एका वाक्याने पोर तुरुंगात गेलं, हे त्यांना रोज आतून खात होतं.

सरकारी वकील उठले. माणूस सभ्य, आवाजही मऊ. पण धार त्यातच होती.

“रक्ताचे डाग गार पाण्याने निघतात, हे तुम्हाला माहीत असेलच.”

“आहे की.”

“म्हणजे मुलाला रक्त धुवायला तुम्हीच सांगितलंत.”

अरुंधती अडखळली. “काकू, ते म्हणताहेत...” पण तिला सगळं सांगावंच लागलं. निहारने डोळे मिटून घेतले.

मालिनीबाईंना राग नाही आला, नवल वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये!

“अहो, फोन ठेवला आणि मीसुद्धा तशीच आंघोळ केली. तिकडे सांगलीत, साडीसकट. माझा पोरगा तापाने फणफणला होता तेव्हा त्या बाईने उशाशी बसून त्याला सूप भरवलं. ती काय परकी होती आम्हाला?” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वकिलांकडे सरळ बघितलं. “आता सांगा, माझ्या अंगावर कुणाचं रक्त होतं?”

अरुंधतीने ते जर्मनमध्ये सांगितलं. सरकारी वकील समोरचे कागद उगाच चाळत राहिले. न्यायाधीशांबरोबर निकाल द्यायला दोन साधे नागरिकही बसले होते. त्यांच्यातल्या पिकल्या केसांच्या बाईने हातातलं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच निहारकडे नीट बघितलं.