ओढीचा गिअर

“गिअर स्पीडचाच राहू दे,” बाबालालनं गॅरेजवाल्याला सांगितलं आणि दस्तगीरच्या मस्तकात तिडीक गेली. या थोरल्या भावानं रुबाबासाठी ट्रकला मोठे टायर चढवले होते आणि तेव्हापासून भरलेली गाडी घाटात मरत होती. मागच्या अ‍ॅक्सलला ओढीचा गिअर टाकू, वेग घटेल पण चढाला जोर मिळेल, असं दस्तगीर महिनाभर सांगत होता.

“तुलाच चालवता येत नाही,” बाबालाल हसला.

दस्तगीरनं किल्ली त्याच्यापुढे आपटली. “मग आज तू चालव.”

घाटाच्या दुसऱ्याच वळणावर विटांनी भरलेला ट्रक दमला, थांबला आणि ब्रेकला न जुमानता दरीच्या बाजूला मागे घसरू लागला. शेजारी बसलेल्या दस्तगीरनं उडी टाकून चाकामागे धोंडा सारला.

बाबालालचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. “ओढीचाच टाकू,” तो कसाबसा म्हणाला.

दस्तगीरला बरं वाटायला हवं होतं, पण त्याचा राग आणखीच भडकला.

“महिनाभर या जागेवर माझा जीव टांगणीला होता, दादा. तेव्हा का नाही पटलं?”

बाबालालनं एकेक करून हात स्टिअरिंगवरून काढले.

“सरक तिकडं,” दस्तगीर म्हणाला आणि केबिनमध्ये चढून स्टिअरिंगवर बसला.